दुष्काळातली माणुसकी आणि आपण न सांगितलेलं निम्मं

मांजराकाठ

गावाकडं चार माणसं बसली आणि दुष्काळाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं, "तेव्हा माणसात माणुसकी होती." मी ते लहानपणापासून ऐकत आले, पुढं स्वतःही सांगत आले. आज त्याबद्दल लिहायचंय. आधी माझं सांगते.

एप्रिल २०१६, लातूर. ज्यांनी तो उन्हाळा इथं काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलेलं, नळ कधीचे बंद. टँकर भरायच्या ठिकाणी मारामाऱ्या होतील म्हणून मार्चमध्येच जमावबंदी लावली होती. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे, पाच लाख लिटरच्या आसपास. बातमी देशभर गाजली, पण त्यानं आमच्या गल्लीतला हिशेब काही बदलला नाही. टँकर आठ-दहा दिवसांनी यायचं आणि घरटी २०० लिटर मिळायचं, म्हणजे एक निळं पिंप.

सासरे तेव्हा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले होते. आम्ही पत्रावळीवर जेवायचो, भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसून ठेवायचो, ओल्या टॉवेलनं अंग पुसलं की झाली आंघोळ. त्यांच्या चादरीला मात्र पाणी लागायचंच. दिवसातून दोनदा, कधी तीनदा.

समोरच्या घरात एक आजी एकट्या राहायच्या. त्या दिवशी टँकर भर दुपारी एकला आलं. आजींचं दार लोटलेलं होतं, त्या झोपल्या होत्या. पिंप दारात. टँकरवाल्या पोरानं विचारलं, "ह्या घरी कुणी हाय का?" मी म्हणाले, "आजी पुण्याला लेकाकडं गेल्यात. त्यांचं पाणी इकडंच सोड."

ठरवून बोलले नव्हते. तोंडातून निघालं आणि पाईप आमच्या दुसऱ्या पिंपात पडला. रिकाम्या पिंपात पाणी आधी तळाला वाजतं, मग भरत येईल तसा आवाज जाड होत जातो. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

संध्याकाळी आजी तांब्या घेऊन दारात. "टँकर येऊन गेलं म्हणं गं. माझा डोळा लागलता, मला कळालंच न्हाई. असंल तर दोन तांबे दे, च्यापुरतं." मी दोन तांबे दिले. त्यांच्याच पाण्यातले. "तुझी लेकरं सुखात राहू दे माय," म्हणून त्या गेल्या.

कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. त्या वर्षी दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आजीजवळ, म्हणजे आईच्या आईजवळ, बोलून गेले. ती तेव्हा पंचाहत्तरीला आली होती. आमच्या घरात बहात्तरच्या दुष्काळाची सगळी गोष्ट तिच्याच तोंडची. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, एका भाकरीचे चार तुकडे करून खाल्ले पण कुणाला उपाशी झोपू दिलं नाही. ही गोष्ट मी शाळेत निबंधात लिहून बक्षीस मिळवलंय. पुढं वाचलं की १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. त्या ५० लाखांतली एक आपली आजी, याचा मला केवढा अभिमान होता.

माझं ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी जावंच्या लेकराची सुकडी माझ्या लेकराला चारली. रोज न्हाई. पण लई डाव."

जाऊ खडीवर जायची. दोन्ही घरची लेकरं आजीकडं. सुकडी, म्हणजे दुष्काळात लेकरांना वाटला जाणारा पौष्टिक खाऊ, दोघांच्या वाट्याची मिळायची आणि ती आजीच्या हातात यायची. "माझं आजारी हुतं, तिचं धडधाकट हुतं. आसं म्या मनाला सांगितलं."

जावेचं ते लेकरू म्हणजे माझा धाकटा मामा. दर येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, त्याच्याच शेतात आम्ही आंबील-भज्जी खायला जातो. आजीच्या पाया पडल्याशिवाय तो पंगतीला बसत नसे.

ती गोष्ट तिनं चव्वेचाळीस वर्षं पोटात ठेवली होती. माझ्यावर तशीच वेळ आल्यावर सांगितली, त्याआधी नाही. तिनं आधी सांगितलं असतं तर मी आजींचं पाणी घेतलं नसतं असं नाही म्हणत. पण ते घेतल्यावर आपल्या घराण्यात आपणच एक नीच निघालो असं वाटून सहा महिने तोंड लपवलं, ते तरी टळलं असतं.

"अडचणीत माणूस कळतो" म्हणतात. मला ते पटेनासं झालंय. भाकरीचे चार तुकडे करणारी आजी खरी आणि सुकडी वळवणारी खोटी, असं कसं म्हणू? दोन्ही एकाच उन्हाळ्यातल्या. आपण पोराबाळांना निम्मी गोष्ट सांगतो आणि उरलेली निम्मी प्रत्येकाला एकट्यानं शोधावी लागते. तुमच्या घरातलं ते निम्मं कुणाला सांगावंसं वाटलं तर सांगा. नावं नकोत.

बालाघाट

ताई, वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. माझ्याकडं आहे सांगण्यासारखं. आता जमणार नाही, रात्री लिहितो.

रोकठोक_परभणी

ताई, तुमचा प्रामाणिकपणा मान्य. पण विरोध नोंदवतो, कारण असे धागे वाचले की मला भीती वाटते.

लातूरला पाणी का नव्हतं? पाऊस कमी झाला हे खरं. पण पावसाची ओढ असलेल्या खोऱ्यात वर्षानुवर्षं ऊस कुणी लावला आणि कुणी लावू दिला? पाच लाखांच्या आसपास वस्तीचं शहर एकाच धरणावर कुणी टांगलं? बहात्तरला माणसं खडी फोडायला गेली, पण ती नुसती सोसत बसली नव्हती. मोर्चे काढून कामं मागून घेतली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्याच रेट्यातून पुढं राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क या मातीतल्या माणसांनी दगड फोडून मिळवलाय.

आणि आपण काय बोलतोय? आजीनं सुकडी वळवली, सुनेनं पिंप वळवलं. सुकडी दोन लेकरांना पुरेल एवढी का नव्हती, हा प्रश्न बाजूलाच राहतो. मनुष्यस्वभाव म्हटलं की वरच्यांची सुटका होते. गरिबानं गरिबाचं काय घेतलं याचा हिशेब करत बसलो की दोघांचं मिळून कुणी घेतलं ते विसरायला होतं.

मांजराकाठ

दादा, तुमचं म्हणणं मी पुन्हा पुन्हा वाचलं. एकही वाक्य खोडावंसं वाटत नाही. घरटी २०० लिटर हे मी ठरवलं नव्हतं.

पण त्या दुपारी "आजी पुण्याला गेल्यात" हे माझ्या तोंडून निघालं. शेजारच्या घरातही पाणी तेवढंच होतं आणि तिथली बाई खोटं बोलली नाही. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस नव्हतं, हेही खरं. म्हणजे मी वाईट की माझी वेळ वाईट, ते मला अजून उलगडत नाही, आणि "व्यवस्था" हा एकच शब्द लावून ते उलगडणार नाही.

औंढ्याची_लेक

मी ताईंशी असहमत आहे, पण वेगळ्या कारणानं. चांगल्या गोष्टी सांगण्यात वाईट काय? नाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला न घालता वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही गोष्ट पैठणच्या वाटेवर आजोबांनी मला सांगितली तेव्हा मी सात वर्षांची असेन. ती ऐकली म्हणून उन्हाळ्यात पाखरांसाठी परळ ठेवायची सवय लागली. माणसानं कुठं पोचायचं हे कुणीतरी दाखवायला नको का? नुसत्या पडल्याच्या गोष्टी ऐकून लेकरं काय शिकणार?

मांजराकाठ

तुझं खरं आहे. नाथांची गोष्ट मलाही हवीच आहे. त्याच गोष्टीत नाथांबरोबर वाट चालणारी बाकीची मंडळीही असतात बघ. त्यांच्याही खांद्यावर कावडी होत्या, समोर तेच गाढव होतं आणि त्यांनी पाणी दिलं नाही. सांगणारा त्यांच्यापाशी थांबत नाही. मी त्यांच्यात होते. त्या कावडी घेऊन ते पुढं कसे चालले, रामेश्वराला अभिषेक करताना त्यांना काय वाटलं, हे कुणीतरी सांगायला हवं होतं असं मला वाटतं.

माळवद

मी किल्लारीच्या शेजारच्या एका गावचा. भूकंपाच्या वेळी अकरा वर्षांचा होतो. हे आधी कुठं लिहिलेलं नाही.

लोकांना वाटतं तो अचानक आला. तसं नाही. आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर, आमच्या भागात कितीतरी हादरे बसले होते. जमिनीतून गुडगुड आवाज यायचा, फळीवरची भांडी वाजायची. तेव्हा अख्खं गाव बाहेर झोपायचं. अंगणात, शेतात, जागा मिळेल तिथं. मग थंडी आली. मग काही झालं नाही. एकेक घर आत गेलं. आजी सगळ्यात शेवटी आत गेली. शेजारणी तिला नावं ठेवायला लागल्या, "म्हातारी लईच जिवाला जपायली." भीतीसुद्धा माणूस एकट्यानं फार दिवस धरून ठेवू शकत नाही, चारचौघांनी सोडली की तोही सोडतो. हे मला आजीच्या त्या आत जाण्यावरून कळलं, पण पुष्कळ उशिरा.

आमची घरं काय होती हे इथल्या तरुण मंडळींना माहीत नसेल. काळ्या गोल दगडांच्या मातीत रचलेल्या भिंती, दोन-अडीच फूट जाड. वर लाकडी फळ्या आणि त्यावर मातीचं माळवद. गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती टाकायची. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली. उन्हाळ्यात आत गारवा असायचा. तो सगळा भार आमच्या डोक्यावर होता.

२९ सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र. आम्ही पोरं मिरवणुकीनंतर मंडपातच पडलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालं. त्याचं वर्णन करत नाही. आजी आणि माझा धाकटा भाऊ गेले. सरकारी मोजदादीतच आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

सांगायचंय ते मामांबद्दल. ते निलंग्याकडून सकाळी पोचले आणि आल्या आल्या दगड उचलायला लागले. हातानं. वरून पाऊस सुरू झालेला, माती लगदा झालेली. त्यांनी सात माणसं जिवंत काढली. मी मोजलीत, कारण मी त्यांच्या मागं पाण्याची बादली घेऊन होतो. त्यांची नखं निघाली होती. तिसऱ्या दिवशी एका घराच्या ढिगाऱ्यात एका बाईचा हात दिसला. कोपरापर्यंतच, बाकी आत. मामांनी हात धरून बघितला, मग इकडं तिकडं बघितलं आणि हातातली पाटली काढून घेतली. सहज निघाली नाही. मी बघतोय हे त्यांनी बघितलं. दोघंही काही बोललो नाही. मग त्यांनी ते प्रेत पूर्ण बाहेर काढलं, अंगावर स्वतःचा पंचा टाकला आणि पुढच्या घराकडं गेले.

त्या दिवसांत बाहेरून लुटायला आलेली माणसंही होती, हे आमच्याकडं सगळे सांगतात. मामा बाहेरचे नव्हते. लुटायलाही आले नव्हते.

ते २०११ साली वारले. पाटली त्यांनी थोरल्या लेकीच्या लग्नात मोडली होती. गावात अजून त्यांचं नाव निघालं की सात माणसं काढली म्हणून माना डोलतात, आणि ते खरंच आहे.

पुनर्वसनाचंही एक सांगतो. नवीन घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली. भूमिहीन आणि अल्प जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. ढिगाऱ्याखाली सगळे सारखे होते. सहा महिन्यांत सातबारा निघाला, कागदावर भाऊ वेगळे झाले, आणि ज्यांनी एकमेकांची प्रेतं उचलली होती ते चौरस फुटावरून तहसीलच्या आवारात भांडले. माझे वडीलही त्यात होते.

औंढ्याची_लेक

माळवददादा, काय लिहावं कळत नाही. वाचलं एवढंच सांगते.

पाऊलवाट

माळवद यांचं वाचून धीर आला म्हणून लिहिते. थोडंच लिहिते.

माझ्या वडिलांनी २०१५ ला आत्महत्या केली. कापूस-सोयाबीन, कर्ज, सगळं तसंच जे पेपरात येतं. चौकशी झाली, समिती बसली, पात्र ठरलो. एक लाख मिळाले. तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. चुलते आधीच बजावून गेले होते, "दारूचं काही बोलायचं न्हाई, नसता अपात्र करतेत." आम्ही बोललो नाही. कर्जही खरं होतं आणि दारूही खरी होती. आईच्या पाठीवर काय होतं तेही खरं होतं.

मला सांगायचंय ते हे की वडील गेले त्या आठवड्यात एका रात्री मला शांत झोप लागली. कितीतरी वर्षांनी. सकाळी उठले आणि ते लक्षात आल्यावर माझी मला घाण वाटली. माझं वय सतरा होतं. आज नर्सिंग करून नोकरीला आहे. वडिलांवर माझा जीव होता, हे कुणी विश्वास ठेवला नाही तरी सांगते.

मांजराकाठ

बाळा, माझा विश्वास आहे. ज्या घरात रोज रात्री कान टवकारून झोपावं लागतं तिथलं लेकरू एखाद्या रात्री शांत झोपलं तर त्यात त्याचा काय गुन्हा? कधीही लिहावंसं वाटलं तर इथं लिही, नाहीतर मला व्यक्तिगत निरोप पाठव. आणि आईशी बोल. तिलाही त्या आठवड्यात झोप लागली असेल, आणि तीही तुझ्यासारखीच गप्प बसली असेल.

जुनी_जंत्री

विषय मागं नेतो, पण धाग्याला धरूनच आहे.

आमचे आजोबा हैदराबाद मुक्तिसंग्रामातले. निजामाच्या हद्दीबाहेरच्या कॅम्पमध्ये होते, नंतर पेन्शन मिळाली. दर १७ सप्टेंबरला शाळेत झेंड्याला त्यांना बोलावत. रझाकारांनी आमच्या शेजारचं गाव जाळलं तेव्हा त्यांची बहीण लेकरू काखेत घेऊन रात्रभर ओढ्यात बसली होती. हे सगळं खरं आहे, त्यातला एक शब्द मी कमी करणार नाही.

आमच्या शेतात एक दोन एकरांचा तुकडा आहे. त्याला घरात "मोमीनाची पट्टी" म्हणतात. मी कॉलेजात असताना आजोबांना विचारलं, हे नाव कसं? ते म्हणाले, "ती माणसं निघून गेली." कुठं गेली? "गेली." नंतर कधी विचारलं की ते उठून जायचे.

पुढं वाचनात आलं की १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, म्हणजे भारतीय सैन्यानं निजामाचं राज्य घेतल्यावर, केंद्रानं पंडित सुंदरलाल यांच्या समितीला हैदराबाद संस्थानात पाठवलं होतं. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळले असं समितीनं लिहिलं. कारवाईच्या काळात आणि नंतर मारल्या गेलेल्या माणसांचा तिचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा होता, त्यात बहुतेक मुसलमान. अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. ते वाचलं तेव्हा मला आजोबांचं ते उठून जाणं आठवलं.

त्यांनी काय केलं किंवा काय केलं नाही, ते आता कुणी सांगणार नाही. त्यांची बहीण ओढ्यात बसली होती आणि ती पट्टी आमच्याकडं आहे, एवढंच मी सांगू शकतो. गेल्या वर्षी वाटणीत ती माझ्या नावावर आली.

बालाघाट

उशीर झाला, माफ करा. तीनदा लिहून खोडलं.

माझं गाव धारूरकडच्या डोंगरात. आमच्याकडं दसरा झाला की गाव रिकामं होतं, मागं म्हातारी आणि शाळेतली लेकरं. बाकी सगळे कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्याची उचल आधीच घेतलेली, ती फिटेस्तोवर कारखान्यावर. पहाटे तीनला उठायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी येईल तेव्हा भरायची, मग रात्रीचे अकरा वाजोत नाहीतर दोन. राहायला पाचटाची कोप.

माझे वडील तेराव्या वर्षी पहिल्यांदा गेले, त्यांच्या आई-बापाबरोबर. मोळ्या वाहून त्यांच्या मानेवर घट्टा पडलाय, अजून आहे. त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, पोटात कळा यायच्या. मुकादम कोपीत येऊन पायानं भांडं उडवायचा. हे वडिलांनीच मला सांगितलंय, डोळ्यात पाणी आणून.

पुढं वडील स्वतः मुकादम झाले, बारा कोयत्यांचे.

रोकठोकदादा, तुम्ही म्हणता तसं वरच्यांचंही सांगतो. मुकादमाच्या डोक्यावर वाहतूकदार असतो, कारखाना असतो. एखादी जोडी उचल घेऊन पळाली की ते पैसे मुकादमाच्या बोडक्यावर. वडिलांनी एकदा त्यापायी बैलजोडी विकली. तेही पिचलेलेच होते.

पण एखादी बाई पोट दुखतंय म्हणून कोपीत पडली तर ती खरं बोलतेय की नाही, हे वडिलांना नुसतं बघून कळायचं. दुसऱ्या कुठल्या मुकादमाला कळलं नसतं. त्यांना कळायचं, कारण ते त्यांनी आपल्या आईत बघितलं होतं. आणि तरी खाडा लावायचे, म्हणजे कामावर न आल्याचा दंड. एका दिवसाचे ५०० रुपये. मला वाटायचं, ज्यानं सोसलं तो दुसऱ्याला सोसू देणार नाही. आमच्या घरात उलटं झालं. "आम्ही सोसलं न्हाई का?" हे वाक्य मी लहानपणी शंभर वेळा ऐकलंय.

२०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. बाहेरच्यांना धक्का बसला. आमच्या गल्लीत कुणाला बसला नाही. पाळी आली तरी खाडा चुकत नाही, दुखणं घेऊन ऊस तुटत नाही, मग डॉक्टर म्हणतो काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. माझ्या आईचीही काढलीय, वय तेव्हा बत्तीस. मुकादमाची बायको होती तरी.

वडील सगळं एका वहीत लिहायचे. लाल पुठ्ठ्याची, दोरीनं बांधलेली. डाव्या बाजूला नाव आणि उचल, उजव्या बाजूला खाडे. माझं इंजिनिअरिंगचं शिक्षण त्या उजव्या बाजूतून झालंय. मी पुण्यात बसून कामगारांच्या हक्कांवर पोस्टी टाकतो. वडिलांना त्या वहीबद्दल आजवर एक शब्द विचारलेला नाही.

रोकठोक_परभणी

बालाघाट, तुम्ही वरचं-खालचं दोन्ही मांडलंत. मी माझा मुद्दा सोडत नाही. खाडा ही पद्धत कायद्यानं बंद व्हायला पाहिजे, वडील चांगले असते तरीही आणि वाईट असते तरीही. पण मी वर लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यात "वरचे" म्हणजे कुणीतरी लांबचे होते. लाल वही माझ्या डोक्यात नव्हती. आमच्याकडं सालगडी होता, हे आज सकाळपासून आठवतंय. तो कुठं बसून जेवायचा तेही.

ताई, एक विचारू का? आजींना सांगितलंत का नंतर?

मांजराकाठ

नाही सांगितलं.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. धरणात पाणी आलं, नळ सुरू झाले. नळ आले की असल्या गोष्टी काढायला तोंड होत नाही. मी त्यांच्यासाठी बरंच करायचे, डबा द्यायचे, दवाखान्यात न्यायचे. सगळी गल्ली माझं कौतुक करायची आणि ते मला टोचायचं. २०२० ला त्या गेल्या. लेकानं घर विकलं. सामान काढताना म्हणाला, "काकू, आईचं तुम्ही फार केलंत. ह्यातलं काही हवं असेल तर घ्या." मी निळं पिंप मागितलं. त्याला नवल वाटलं.

ते आमच्या गच्चीवर आहे. पावसाचं पाणी धरते त्यात.

औंढ्याची_लेक

ताई, मी वर जे लिहिलं त्यात भर घालते. लेकरं दोन्ही गोष्टींतून शिकतील. मोठी झाल्यावर तरी दुसरी सांगायलाच हवी. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. कधी सांगायची हे मी अजून ठरवलेलं नाही.

माळवद

मीही मामांच्या लेकीला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही बहुतेक. तिच्या लग्नातली ती पाटली आहे. इथं लिहिलं, तेवढंच मला झेपतं.

बालाघाट

पंधरा दिवसांनी लिहितोय. गावी जाऊन आलो.

वडिलांना हा धागा वाचून दाखवला. माझं लिहिलेलंही. ते ओट्यावर बसले होते, मी उंबऱ्यावर. आई आत भाकरी थापत होती, मधेच थापायचा आवाज थांबला, म्हणजे तीही ऐकत होती. वाचून झाल्यावर वडील उठून शेताकडं गेले. रात्री जेवले नाहीत.

सकाळी वही आणून माझ्यासमोर ठेवली. स्वतःच एक पान काढलं. २०१४-१५ चा हंगाम. आमच्याच वस्तीवरल्या एका बाईच्या नावापुढं तीन खाडे. म्हणाले, "हिचं पोरगं वारलं हुतं कोपीत. तीन दिस झोपून हुती." एवढंच बोलले. मी बाकीची पानं बघायला हात पुढं केला तर वही मिटली.

आईनं डब्यातून १,५०० रुपये काढले आणि तीच गेली. वडील गेले नाहीत, मीही गेलो नाही. ती अर्ध्या तासानं परत आली, पैसे पदराच्या गाठीत तसेच. त्या बाईनं चहा केला, बसवलं, माझ्या नोकरीची चौकशी केली. पैशाचं काढल्यावर म्हणाली, "आता कशाला, आक्का." आणि तिच्या धाकट्या पोराला पुण्यात कुठं काम लागतंय का, ते बघायला सांगितलंय.